कुत्र्याची ‘प्राचीन जात’ म्हणजे नेमके काय?

दादरमधील आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने शिह त्झू जातीचे पिल्लू आणले. ही जगातील सर्वांत प्राचीन जातींपैकी एक आहे, असे विकणाऱ्याने त्यांना आवर्जून सांगितले होते आणि किमतीतही त्या प्राचीनतेचा वाटा असावा. पिल्लू पाहायला जिन्यात जमलेल्या मुलांपैकी एकीने मला विचारले, “काका, मग आपल्या गेटवर झोपते ती काळी किती जुनी?” गेटवरची काळी म्हणजे छाती आणि पाय तपकिरी असलेली, दोन्ही डोळ्यांच्या वर तपकिरी ठिपके असलेली, आमच्या गल्लीतच जन्मलेली कुत्री. तिला कोणी जात विचारत नाही, त्यामुळे तिचे वयही कोणी विचारले नव्हते. मुलीला मी त्या वेळी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले. प्रश्न मात्र चांगला होता आणि त्याचे पूर्ण उत्तर दोन वाक्यांत मावणारे नाही.

या विषयात गोंधळ होतो, कारण ‘प्राचीन’ या एका शब्दात आपण तीन निरनिराळी वये कोंबतो. पहिले वय कुत्रा या प्राण्याचे, म्हणजे लांडग्यांपासून तो वेगळा झाला तेव्हापासूनचे. दुसरे एखाद्या वंशशाखेचे, म्हणजे कुत्र्यांचा एक गट उरलेल्या कुत्र्यांपासून तुटून स्वतंत्र वाढू लागला तेव्हापासूनचे. तिसरे वय ज्याला आपण ‘ब्रीड’ म्हणतो त्याचे, म्हणजे वंशावळीची नोंदवही उघडून, बाहेरचे रक्त बंद करून, ठरावीक रूपाची पैदास सुरू झाली तेव्हापासूनचे. पहिले वय हजारो वर्षांचे आहे, तिसरे बहुतेक वेळा दीडशे वर्षांच्या आसपासचे असते, आणि जाहिरातीत पहिल्याचा आकडा तिसऱ्याला चिकटवला जातो.

प्रथम पहिल्या वयाकडे पाहू. जगातील सारे कुत्रे, मग तो ग्रेट डेन असो, चिवावा असो की शिवाजी पार्कच्या कट्ट्याखाली झोपलेला कुत्रा असो, करड्या लांडग्यापासून आले आहेत. मात्र ज्या लांडग्यांपासून ते आले, तो लांडग्यांचा समूह आता नामशेष झाला आहे. त्यामुळे आजचा लांडगा कुत्र्याचा आजोबा नसून चुलतभाऊ लागतो. सोलापूर-पुण्याच्या माळरानावर फिरणारा आपला भारतीय लांडगा ही तर लांडग्यांमधील फार आधी वेगळी झालेली शाखा आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गेल्या एक लाख वर्षांतील ७२ प्राचीन लांडग्यांचे जनुकसंच वाचण्यात आले. त्यातून असे दिसले की कुत्र्याचे नाते युरोपातील प्राचीन लांडग्यांपेक्षा आशियाच्या पूर्वेकडील प्राचीन लांडग्यांशी अधिक जवळचे आहे. पश्चिम आशिया आणि आफ्रिकेतील कुत्र्यांमध्ये मात्र आणखी एक धागा मिसळलेला आढळला. त्यांच्या वंशाचा काही भाग, काही ठिकाणी निम्म्यापर्यंत, नैर्ऋत्य आशियातील लांडग्यांशी नाते सांगणाऱ्या दुसऱ्या समूहातून आला आहे. हा दुसरा धागा स्वतंत्रपणे माणसाळवलेल्या लांडग्यांचा होता, की आधीच माणसाळलेल्या कुत्र्यांचा स्थानिक लांडग्यांशी संकर झाला, यावर संशोधक अजून वाद घालत आहेत. हे वेगळे होणे नेमके कधी घडले, याचे जनुकांवरून काढलेले अंदाज साधारणपणे २०,००० ते ४०,००० वर्षांच्या दरम्यान पडतात.

एवढा मोठा पल्ला का, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. प्रत्येक पिढीत जनुकीय मजकुरात थोडे बदल होतात. दोन प्राण्यांच्या मजकुरांत किती फरक साठला आहे हे मोजले आणि बदलाचा वेग ठाऊक असला, तर ते कधी वेगळे झाले हे काढता येते. अडचण अशी की कुत्रे आणि लांडगे वेगळे झाल्यावरही एकमेकांशी जुळत राहिले, आणि प्रत्येक संकराने हे घड्याळ थोडे मागेपुढे केले. शिवाय मूळ लांडगाच उरलेला नसल्याने तुलना करायची ती दूरच्या नातेवाइकांशी करावी लागते. म्हणून जनुकांच्या हिशेबाला हाडांचा आधार लागतो, कारण हाडाचे वय कार्बनच्या किरणोत्सारी अणूंवरून स्वतंत्रपणे ठरवता येते.

हाडांमधला सर्वांत नि:संशय आणि माझ्या दृष्टीने सर्वांत हृद्य पुरावा जर्मनीतील बॉन शहराजवळच्या ओबरकासेल येथील आहे. १९१४ मध्ये तेथील दगडाच्या खाणीत कामगारांना एका पुरुषाचे आणि एका स्त्रीचे दफन सापडले. त्यांच्यासोबत कुत्र्याची हाडे होती. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहे. शंभर वर्षांनंतर, एका पशुवैद्यकाने त्या कुत्र्याचे दात पुन्हा तपासले, तेव्हा त्यांच्या आवरणावर विशिष्ट खुणा दिसल्या. कुत्रा मेला तेव्हा साधारण सात महिन्यांचा होता आणि त्याआधी पाचव्या महिन्याच्या सुमारास त्याला डिस्टेंपर झालेला असावा, असा त्या खुणांचा अर्थ निघतो. ज्यांनी पिल्लू पाळले आहे त्यांना हे नाव लसीकरणाच्या कार्डावरून माहीत असते. उपचाराविना हा आजार झालेले पिल्लू सहसा तीन आठवडेही काढत नाही. हे पिल्लू त्यानंतर कित्येक आठवडे जगले. याचा अर्थ कोणीतरी त्याला पाणी पाजले, त्याची घाण पुसली, त्याला उबेत ठेवले, आणि तेही अशा काळात की ते आजारी पिल्लू शिकारीच्या काही कामाचे नव्हते. इस्राएलमधील ऐन मल्लाहा येथे सुमारे १२,००० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाचा हात पिल्लावर ठेवलेला आढळला आहे. शेती, मडकी आणि गाय-बैल यांपैकी काहीही माणसाच्या घरात नीट स्थिरावले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

लांडगा माणसाजवळ आलाच कसा, याची पूर्वी सर्वत्र सांगितली जाणारी उपपत्ती अशी होती की, तो वस्तीच्या उकिरड्यावर येऊ लागला आणि त्यातले कमी बुजणारे तग धरून राहिले. मुंबईतील कचराकुंडीभोवतीचे दृश्य रोज पाहणाऱ्याला ही उपपत्ती पटकन पटते. परंतु वर सांगितलेल्या तारखा पाहिल्या तर कुत्रा कायमच्या वस्त्यांपेक्षा जुना ठरतो आणि फिरत्या टोळ्यांचा उकिरडा फार मोठा नसतो. दुसरी उपपत्ती हिमयुगातल्या आहाराची आहे. माणसाला केवळ चरबीविरहित मांसावर जगता येत नाही. कडक हिवाळ्यात शिकारीची जनावरे हडकली की त्यांच्यातले असे जास्तीचे मांस माणसाच्या उपयोगाचे राहत नसे आणि ते लांडग्याच्या पिल्लांना घालणे परवडत असे. मला ही दुसरी उपपत्ती काळाशी अधिक जुळणारी वाटते. नुसती सौम्य वृत्ती निवडत गेले तर प्राण्यात काय बदलते, हे मात्र प्रयोगाने दिसले आहे. दमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सायबेरियात कोल्ह्याच्या कुळातील चंदेरी खोकडांवर (सिल्व्हर फॉक्स) प्रयोग सुरू केला आणि प्रत्येक पिढीतून केवळ माणसाला न बुजणारी पिल्ले पुढच्या पैदाशीसाठी घेतली. काही दशकांतच ते प्राणी शेपूट हलवू लागले आणि त्यांच्यापैकी काहींमध्ये लोंबते कान, वळलेली शेपटी, अंगावर पांढरे डाग अशी लक्षणेही उमटली, जी कोणी मुद्दाम निवडली नव्हती.

आता दुसऱ्या वयाकडे, म्हणजे शाखांकडे वळू. २०२० मध्ये २७ प्राचीन कुत्र्यांचे जनुकसंच एकत्र वाचले गेले, तेव्हा असे दिसले की हिमयुग संपले त्या सुमारास, म्हणजे सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच, कुत्र्यांच्या किमान पाच मोठ्या शाखा अस्तित्वात होत्या. आजचा जवळजवळ प्रत्येक कुत्रा या शाखांच्या कमी-अधिक मिसळणीतून झालेला आहे. या शाखा काळानुसार आणि माणसाच्या पोटानुसार बदलत गेल्या. पूर्व सायबेरियाच्या उत्तरेला झोखोव नावाचे एक बेट आहे. तेथे सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांच्या वस्तीत घसरगाड्यांचे, म्हणजे बर्फावरून ओढायच्या स्लेजचे अवशेष आणि कुत्र्यांची हाडे मिळाली. त्यांपैकी एका कुत्र्याचा जनुकसंच ग्रीनलंडच्या आणि इतर आजच्या स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांच्या जवळचा निघाला. म्हणजे स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचा वंश खरोखर फार जुना आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीत ठेवावा लागणारा हस्की या कुळातला आहे. या कुत्र्यांमध्ये चरबीयुक्त आहार पचवण्याशी संबंधित बदल आढळतात, जसे ते ध्रुवीय प्रदेशातील इतर प्राण्यांमध्ये असतात.

याच्या अगदी उलट बदल शेतकऱ्यांच्या कुत्र्यांमध्ये झाला. पिठूळ अन्न पचवण्यासाठी अमायलेज नावाचे विकर लागते. लांडग्यामध्ये ते तयार करणाऱ्या जनुकाच्या केवळ दोन प्रती असतात, तर बहुतेक कुत्र्यांमध्ये त्या चार ते तीसपर्यंत आढळतात, असे २०१३ च्या एका अभ्यासाने दाखवले. ज्या कुत्र्यांचे पूर्वज शेतीच्या प्रदेशापासून दूर राहिले, त्यांच्यात, म्हणजे ऑस्ट्रेलियातील डिंगोमध्ये आणि ध्रुवीय कुत्र्यांमध्ये, या प्रती कमी आहेत. भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कुत्र्याला भाकरी पचत होती, हे शेतीच्या काही हजार वर्षांचे देणे आहे, आणि टपरीवर चहाबरोबर बिस्किटे मिळवणारा आजचा कुत्राही तेच देणे उपभोगतो आहे.

शाखा टिकतात तशा नष्टही होतात. माणसांबरोबर अमेरिकेत गेलेल्या कुत्र्यांचा वंश तेथे किमान ९,००० वर्षे नांदला आणि युरोपीय लोक आल्यानंतर जवळजवळ पुसला गेला. चिवावा हे मेक्सिकोचे नाव मिरवणारे ब्रीडही आज बहुतांशी युरोपीय रक्ताचे आहे. त्या हरवलेल्या कुत्र्यांचा आज जिवंत असलेला एक जवळचा नातेवाईक म्हणजे एक गाठ आहे. कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारा एक कर्करोग असतो आणि मुंबईत रस्त्यावरच्या कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तो चांगला परिचित आहे. त्यात विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही, जिवंत पेशीच जातात, आणि त्या साऱ्या पेशी हजारो वर्षांपूर्वी आशियात होऊन गेलेल्या एकाच कुत्र्याच्या आहेत. त्या पेशींचा जनुकसंच प्राचीन अमेरिकी कुत्र्यांच्या शाखेशी जवळचा आहे.

आता तिसरे वय. आपण ज्याला ब्रीड म्हणतो ती कल्पना एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडची आहे. १८५९ मध्ये न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले मोठे प्रदर्शन भरले, १८७३ मध्ये लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळ, मानक रूप, शुद्धता हे शब्द कुत्र्याला लागू झाले. त्याआधी कुत्रे कामावरून ओळखले जात. मेंढ्या राखणारा, ससा पकडणारा, राखणदार, असा तो व्यवहार होता आणि चांगले काम करणाऱ्या दोघांची पिल्ले घेताना त्यांच्या रूपाची फारशी चिंता कोणी करीत नसे. मराठीत आपण ब्रीडला ‘जात’ म्हणतो, त्यामुळे जन्मजात आणि कधीही न बदललेले असे काहीतरी मनात येते. प्रत्यक्षात ती एक अलीकडची नोंदवही आहे.

मग शिह त्झू प्राचीन, हे विधान आले कोठून? ते निव्वळ थाप नाही. २००४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ८५ ब्रीडमधील ४१४ कुत्र्यांची जनुकीय तुलना केली. बहुतेक युरोपीय ब्रीड एकमेकांत इतकी मिसळलेली निघाली की त्यांची शाखा-उपशाखा लावणे अवघड झाले. थोडी ब्रीड मात्र त्या गर्दीपासून स्पष्ट वेगळी उभी राहिली. चीनची शार-पेई, चाऊ चाऊ आणि पेकिंगीज, जपानची अकिता आणि शिबा, मध्य आफ्रिकेचा बासेन्जी, उत्तरेकडील हस्की, मालाम्यूट आणि सामोयेड, अफगाण हाउंड, सालुकी, तिबेटकडची ल्हासा आप्सो आणि तिबेटन टेरियर, आणि आमच्या शेजाऱ्यांचा शिह त्झू ही ती ब्रीड होत. त्यांना ‘प्राचीन’ हे नाव मिळाले आणि ते वर्तमानपत्रांतून दुकानापर्यंत पोहोचले. याच अभ्यासाने काही मोठ्या दाव्यांना सुरुंगही लावला. फेरो हाउंड या नावामुळे जो कुत्रा थेट पिरॅमिडच्या भिंतीवरून उतरल्याचे सांगितले जाते, तो जनुकांवरून आधुनिक युरोपीय कुत्र्यांत बसला. थडग्यातील चित्रात लांब पायांचा, सडपातळ, उभ्या कानांचा कुत्रा दिसतो हे खरे आहे. परंतु धावणाऱ्या कुत्र्याची अशी बांधणी निरनिराळ्या ठिकाणी पुन्हा पुन्हा निवडून घडवता येते आणि रूप सारखे असले म्हणून वंश सारखा ठरत नाही.

या यादीचा अर्थ लावताना मात्र एक मोठी चूक झाली आणि ती २०१२ मध्ये दुसऱ्या एका संशोधकगटाने दाखवून दिली. ती समजण्यासाठी तंजावरच्या मराठीचे उदाहरण घेऊ. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यानंतर दक्षिणेत गेलेल्या मराठी कुटुंबांची बोली आज पुण्या-मुंबईच्या मराठीपेक्षा ठळक वेगळी आहे. तिच्यात काही जुने शब्द टिकले आहेत, काही तमिळ वळणे आली आहेत. कोणी केवळ या वेगळेपणावरून असे म्हणू लागला की तंजावरची मराठी मुंबईच्या मराठीपेक्षा प्राचीन आहे, तर आपण त्याला लगेच थांबवू. दोन्हींचे मूळ एकच आहे आणि दोन्हींचे वय सारखेच आहे. एक दूर पडली म्हणून वेगळी राहिली, दुसरी गर्दीत राहून सतत मिसळत गेली, एवढाच फरक आहे. ‘प्राचीन’ ब्रीडचे तसेच आहे. ती ज्या प्रदेशांत होती, तेथे व्हिक्टोरियन काळातील मिसळणीची लाट उशिरा पोहोचली किंवा पोहोचलीच नाही. म्हणून त्यांचा जनुकीय ठसा वेगळा दिसतो. २०१२ च्या अभ्यासाने आणखी एक विसंगती दाखवली. डिंगो, न्यू गिनीचा गाणारा कुत्रा आणि बासेन्जी हे सर्वांत वेगळे दिसणारे कुत्रे जगाच्या अशा भागांतले आहेत, जेथे कुत्रा मुळातच फार उशिरा पोहोचला. ऑस्ट्रेलियात त्याचे पुरावे साडेतीन हजार वर्षांपलीकडे जात नाहीत. पृथक् राहणे आणि पुरातन असणे या दोन गोष्टींची आपण गल्लत करत होतो.

बासेन्जीबद्दल येथे थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण त्याच्यात काही वेगळी लक्षणे खरोखर आहेत. तो इतर कुत्र्यांसारखा भुंकत नाही, गळ्यातून एक लयदार हेल काढतो. त्याची मादी वर्षातून एकदाच माजावर येते, जसे लांडगीचे असते, तर बहुतेक पाळीव कुत्र्यांच्या माद्या दोनदा येतात. कांगोच्या जंगलातील शिकाऱ्यांजवळ तो शतकानुशतके राहिला. तरीही नोंदवहीतले ब्रीड म्हणून त्याचा जन्म १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये आणलेल्या मोजक्या कुत्र्यांपासून झाला.

शिह त्झूचा प्रवास याहून अरुंद वाटेने झाला. चीनच्या राजवाड्यात लहान, केसाळ, चपट्या तोंडाचे कुत्रे फार पूर्वीपासून लाडाने वाढवले जात, यात शंका नाही. पण विसाव्या शतकातील उलथापालथीत हे कुत्रे चीनमधून जवळजवळ नाहीसे झाले आणि आजचे सारे शिह त्झू त्याआधी बाहेर नेलेल्या अवघ्या १४ कुत्र्यांपासून आलेले आहेत. त्यात १९५२ मध्ये इंग्लंडमध्ये एका पेकिंगीजचे रक्तही मिसळले गेले. जपानची अकिता दुसऱ्या महायुद्धात जवळपास संपली आणि उरलेल्या थोड्यांपासून पुन्हा उभी केली गेली. आयर्लंडचा वुल्फहाउंड तर एकोणिसाव्या शतकात डीअरहाउंड, ग्रेट डेन आदींच्या संकरातून नव्याने घडवला गेला. अशा अरुंद वाटेतून जाताना जुन्या वंशाची पुष्कळ विविधता सांडून जाते.

एखाद्या ब्रीडचे लक्षण त्या ब्रीडपेक्षाच नव्हे तर कुत्र्यापेक्षाही जुने असू शकते, ही बाब मला स्वतःला सर्वांत विस्मयकारक वाटली. लहान चणीच्या कुत्र्यांत वाढीवर नियंत्रण ठेवणाऱ्या जनुकाचे जे रूप आढळते, ते माणसाने पैदास करून निर्माण केले असावे असे वर्षानुवर्षे मानले जात होते. २०२२ मध्ये तेच रूप सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या एका लांडग्यात सापडले. रंगाचेही तसेच आहे. अनेक कुत्र्यांच्या अंगावरील स्वच्छ पिवळसर रंगासाठी कारण असलेला जनुकाचा एक भाग वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, आता नामशेष असलेल्या एका श्वानकुळातून लांडग्यांमध्ये आणि त्यांच्याकडून कुत्र्यांमध्ये आला आहे.

आता भारताकडे येऊ. सिंधमधील चन्हुदडो येथे १९३५-३६ च्या उत्खननात एक वीट मिळाली. ती ओली असताना तिच्यावरून एक मांजर गेले आणि पाठोपाठ कुत्रा गेला. दोघांच्या पावलांचे ठसे चार हजारांहून अधिक वर्षे तसेच आहेत. गल्लीत नवे काँक्रीट टाकले की दुसऱ्या दिवशी त्यावर उमटलेली पावले मुंबईत कोणी पाहिली नाहीत? काश्मीरमधील बुर्झहोम येथील नवाश्मयुगीन वस्तीत कुत्रे पुरलेले आढळले आहेत. इ. स. पू. पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवले आहे की बाबिलोनच्या इराणी सुभेदाराने इतके भारतीय शिकारी कुत्रे पाळले होते की त्यांच्या खाण्याचा भार चार गावांवर होता आणि त्या बदल्यात त्या गावांना बाकी सारे कर माफ होते.

शब्दांतील पुरावा तर आमच्या गेटवरच्या काळीपर्यंत येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यमाच्या वाटेवरील दोन कुत्र्यांचे वर्णन ‘सारमेयौ श्वानौ चतुरक्षौ शबलौ’ असे आहे. ते देवांची कुत्री सरमा हिचे पुत्र आहेत, ठिपकेदार आहेत आणि चार डोळ्यांचे आहेत. पारशी धर्मग्रंथ अवेस्तातील वेंदिदाद या भागातही मृतदेहाजवळ आणायचा कुत्रा चार डोळ्यांचा असावा असे सांगितले आहे. मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडण्याच्या या विधीला सगदीद म्हणतात आणि मुंबईच्या पारशी समाजाने तो येथे आणला. चार डोळे म्हणजे डोळ्यांवरचे ते दोन तपकिरी ठिपके, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावतात. रंगद्रव्य केसात कोठे आणि केव्हा उतरावे हे ठरवणाऱ्या एका जनुकाच्या विशिष्ट रूपामुळे ते उमटतात. वेद आणि अवेस्ता या दोन्ही परंपरा वेगळ्या होण्यापूर्वीच्या लोकांनी असा ठिपक्यांचा कुत्रा निरखून पाहिला होता आणि त्याला मृत्यूच्या वाटेवर उभे केले होते, असे म्हणायला जागा आहे. ६ जून १८३२ रोजी मुंबईच्या कोटात पोलिसांनी रस्त्यावरचे कुत्रे मारायला सुरुवात केली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दुसऱ्या दिवशी व्यवहार बंद पडले. या शहराच्या इतिहासातील अगदी सुरुवातीच्या दंगलींमध्ये या घटनेची गणना होते. त्यामागे कुत्र्याविषयीची ही जुनी श्रद्धा होती. आपल्या दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे आणि खंडोबाचा कुत्रा यांनाही मराठी माणसाने ब्रीड म्हणून कधी पाहिले नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या वंशाबद्दलचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा २०१५ चा आहे. त्या वर्षी ३८ देशांतील ५४९ गावठी कुत्र्यांची आणि १६१ ब्रीडमधील साडेचार हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तुलना प्रसिद्ध झाली. कुत्र्याचे मूळ मध्य आशियात असावे असा तिचा निष्कर्ष होता. त्यावर पुढे वाद झाले आणि होत राहतील. माझ्या मते तिचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे आहे. दक्षिण अमेरिका आणि प्रशांत महासागरातील बेटे येथील गावठी कुत्रे जवळजवळ पूर्णपणे युरोपीय कुत्र्यांचे वंशज निघाले, तर भारत, व्हिएतनाम आणि इजिप्त येथील गावठी कुत्र्यांत युरोपीय मिसळण अगदी कमी आढळली. म्हणजे येथील कुत्रा हा कोठून तरी आणलेल्या ब्रीडचा बिघडलेला, भ्रष्ट झालेला अवशेष नाही. तो कधीच ब्रीड नव्हता. ज्या मूळ साठ्यातून पुढे ब्रीड निवडली गेली, त्याचा येथे सतत वाहत राहिलेला प्रवाह तो आहे. मध्यम चण, आखूड केस, उभे किंवा अर्धे मुडपलेले कान, वळलेली शेपटी ही त्याची ठेवण माणसाने ठरवलेली नाही; उष्णता, रोग आणि अन्नाची टंचाई यांतून जे टिकले त्यांची ती ठेवण आहे. त्याला इंग्रजीत ज्या नावाने ओळखले जाई, ते तमिळनाडूतील एका दलित जातीच्या नावावरून हिणवण्यासाठी घेतलेले होते. मुंबईत आता ‘इंडी’ हा शब्द रुळला आहे, आणि आपला ‘गावठी’ हा शब्दही तुच्छतेने न उच्चारल्यास अचूक आहे. शहरात मात्र सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांचे रक्त मिसळते आहे, आणि लोंबत्या कानांचे, लांब केसांचे कुत्रे गल्ल्यांतून दिसू लागले आहेत.

भारतात कामासाठी निवडून वाढवलेले कुत्रेही आहेत. लातूरकडचा कारवानी आणि उत्तर कर्नाटकातील मुधोळ हे एकाच सडपातळ, वेगवान कुळातील शिकारी कुत्रे. व्यापारी तांड्यांबरोबर मध्य आणि पश्चिम आशियातून त्यांचे पूर्वज आले असावेत असे मानले जाते आणि सालुकीशी असलेले रूपसाम्य त्याला पूरक आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी बेरड शिकाऱ्यांजवळचे हे कुत्रे पाहून त्यांची पद्धतशीर पैदास केली आणि एक जोडी ब्रिटनचा राजा पाचवा जॉर्ज याला भेट दिली. २००५ मध्ये टपाल खात्याने चार देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळबरोबर राजपाळयम, रामपूर हाउंड आणि हिमालयीन मेंढपाळ कुत्रा होता. या कुत्र्यांचा सांभाळ व्हायलाच हवा. पण येथेही काळजी घ्यावी लागेल, कारण धनगराच्या किंवा शिकाऱ्याच्या हाताखालचा कुत्रा नोंदवहीत शिरला आणि रूपासाठी निवडला जाऊ लागला, की त्याच्यातही तोच अरुंदपणा येऊ शकतो.

त्या मुलीला आता नीट उत्तर देता येईल. शिह त्झू आणि काळी या दोघींचे मूळ एकच आणि तितकेच जुने आहे. शिह त्झूचा वंश पूर्वेकडे दीर्घकाळ वेगळा वाढला, नंतर १४ कुत्र्यांच्या फटीतून निघाला आणि त्याची नोंदवही शंभर वर्षांच्या आतबाहेरची आहे. काळीचा वंश या भूमीवर कधी आला, कोठून आला, त्यात किती वेळा भर पडली, हे वाचण्यासाठी येथील प्राचीन हाडांतून जनुकीय मजकूर मिळायला हवा. पुणे जिल्ह्यातील इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत कुत्र्यांची हाडे मिळालेली आहेत. पण उष्ण आणि दमट मातीत हा मजकूर लवकर विरतो. हरियाणातील राखीगढी येथे डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या ६१ अवशेषांचे नमुने तपासले, तेव्हा त्यांपैकी केवळ एकातून वाचता येईल एवढा मजकूर निघाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सायबेरियाच्या बर्फाने जे काम झोखोवच्या कुत्र्यासाठी केले, ते दख्खनची माती करीत नाही. येथील हाडांतून असा मजकूर हाती येईपर्यंत भारतीय कुत्र्याच्या इतिहासाची वाचता येणारी प्रत जिवंत कुत्र्यांच्या अंगातच आहे, आणि तिचे एक पान रोज दुपारी आमच्या गेटच्या सावलीत झोपलेले असते.